डाळमिलच्या गावात वरण एवढं पातळ का?

काल रावेरकडच्या एका लग्नात पंगतीला बसले होते आणि रागानं घास घशाखाली उतरत नव्हता. विचारायच्या आत वाढप्यानं पत्रावळीवर गव्हाच्या तीन बट्ट्या टाकल्या. म्हटलं, "दादा, दोन परत घ्या, एक पुरे. आणि वरण तेवढं घट्ट द्या, खालचं." त्यानं बादलीत ओगराळं बुडवलं, पण ढवळलं नाही. वरचं पिवळं पाणी द्रोणात ओतलं आणि पुढच्या पानाकडे गेला. डाळ बुडाशी बसलेली मला दिसत होती हो! शेजारी बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "घे वं माय, एका बट्टीनं काय होतं?"

काय होतं ते सांगते. मार्चमध्ये माझा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा सरासरी अंदाज देणारी तपासणी, ६.१ टक्के आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. माझ्या आईला मधुमेह होता. तिच्या पायाच्या जखमेची पट्टी मी दोन वर्षं रोज बदललीय. त्यामुळे डॉक्टर जेव्हा म्हणाले की पोळी, भात, साखर कमी करा, प्रोटीन वाढवा, थोडं वजन उचला, तेव्हा मी ते कानाआड केलं नाही. वय बेचाळीस, वजन ६४ किलो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये सांगितलेला हिशेब किलोमागे ०.८३ ग्रॅमचा, म्हणजे मला दिवसाला ५३ ग्रॅम प्रोटीन पाहिजे. फार नाही. पण ते मिळवायला मला रोज जगाशी भांडावं लागतं, आणि आता मी थकलेय.

मी भुसावळहून जळगावला अपडाऊन करते. सकाळी स्टेशनाबाहेर काय मिळतं? पोहे, कचोरी, समोसा, जिलबी. ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला की केक आणि वेफर्स. दुपारच्या थाळीत तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, भाताचा डोंगर आणि एक वाटी वरण. त्या वाटीत किती डाळ असते हे मी एकदा चमच्यानं गाळून पाहिलं. पाणी निथळल्यावर तळाशी दोन चमचे गाळ उरला. "डाळीत प्रोटीन असतं ना, मग खा की वरण," असं मला सगळे शिकवतात. असतं! १०० ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीत २२ ग्रॅमच्या आसपास असतं. पण ती वाटीत पडली तर ना! त्या गाळात कोरडी डाळ पंधरा ग्रॅमही नसेल, म्हणजे प्रोटीन जेमतेम तीन ग्रॅम. आणि ते तीन ग्रॅम खायला सोबत भाताचा डोंगर.

आणि हे जळगावात! इथल्या डाळमिलांची डाळ देशभर जाते. एमआयडीसीतून रिक्षा जाते तेव्हा पोत्यांनी भरलेले ट्रक उभे दिसतात. पावसाळ्यात शिवारात उडीद-मूग असतो, थंडीत हरभरा. ज्या जिल्ह्यात डाळ पिकते, भरडली जाते, पॉलिश होते, त्याच जिल्ह्यातल्या माणसाच्या वाटीत पिवळं पाणी? ही कुठली रीत झाली?

माझी आजी उडदाची डाळ अशी घोटायची की पळी उभी राहायची. घरात भाकरी कळण्याची, म्हणजे ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेली. सोबत शेंगदाण्याचा ठेचा. तिला प्रोटीन हा शब्द माहीत नव्हता, पण ताटात ते होतं. आता कळण्याची भाकरी हॉटेलात भरितासोबत, वीकेंडला, फोटो काढायला. घरी रोज गव्हाच्या पोळ्याच. चतुर्थीला तर साबुदाणा, म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, ज्याची पोटात साखरच होते, आणि त्याला म्हणायचं उपवास.

बरं, जिमवाल्यांकडे जावं तर तिथं वेगळाच संताप. पंचविशीतल्या पोरानं मला छापील चार्ट हातात दिला. ओट्स, ब्रोकोली, अव्होकॅडो, आठ अंड्यांचं पांढरं. अरे बाबा, अव्होकॅडो मी कुठून आणू, जळगावच्या गोलाणी मार्केटातून? आणि पिवळं का फेकायचं? एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन, त्यातलं चाळीस टक्क्यांच्या वर पिवळ्यात असतं. हे त्याला सांगितलं तर म्हणतो, "मॅडम, मग पावडर घ्या," आणि काउंटरमागून साडेतीन हजारांचा डबा काढतो. साडेतीन हजार! पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी असल्या पावडरी टाळा असं स्पष्ट म्हटलंय. त्या चार्टवर हरभरा नव्हता, मूग नव्हते, शेंगदाणे नव्हते, पनीर नव्हतं, सोयाबीनच्या वड्या नव्हत्या. १०० ग्रॅम सुक्या वड्यांत ५० ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं, किराणा दुकानात किलोवर मिळतात. पण त्यावर त्या पोराला कमिशन कोण देणार?

घरी अंडं चालत नाही. सासूबाईंना मी दुखवणार नाही, ते त्यांचं घर आहे, त्यांचे देव आहेत. म्हणून संध्याकाळी परतीच्या गाडीआधी स्टेशनबाहेरच्या गाड्यावर मी दोन उकडलेली अंडी उभ्यानं खाते. तिथंही ओळखीचं कुणी दिसलं की नजर बदलते. बाई माणूस, एकटी, गाड्यावर अंडी खाते! मी काय चोरी करते का? माझं रक्त, माझे पाय, माझं पुढचं आयुष्य वाचवायला दोन अंडी खाते.

आणि नको म्हटलं की "डाएट करते वाटतं", "आता हिरोईन व्हायचंय का", "शहरातलं फॅड". आग्रह करणाऱ्याला वाटतं तो प्रेम करतोय. अहो, माझ्या पानात तिसरी बट्टी टाकण्यापेक्षा बादलीत एकदा तळापर्यंत ओगराळं फिरवलं असतं, तर ते मला प्रेम वाटलं असतं. त्याला जास्तीचा एक रुपया लागत नव्हता. डाळ शिजलेलीच होती.

काल शेवटी मी उठले, वाढप्याच्या हातातून ओगराळं घेतलं आणि बुडापासून ढवळून माझ्या द्रोणात वरण घेतलं. अख्खी पंगत बघत होती. आत्याबाई रात्रीपासून बोलत नाहीयेत. परवा सावद्याला अजून एक लग्न आहे, तिथंही मी हेच करणार आहे.