शेणकिड्याच्या माथी उन्नीचं पाप

आमच्या हिंगण्याकडच्या ग्रुपवर मृगाच्या तोंडावर दरवर्षी तोच मेसेज येतो: ‘शेणात गोळे वळणारा काळा किडा आणि हुमणीचा भुंगेरा एकच. शेणखत टाकलं की हुमणी आलीच. दिसेल तो भुंगा चेचा.’ यंदा तो माझ्या मामेभावानेच टाकला. हुमणी म्हणजे पिकाची मुळं खाणारी पांढरी अळी, आमच्याकडे तिला उन्नी म्हणतात.

‘एकच’ म्हणे! कूळ एक आहे, मान्य. वाघ-मांजराचंही एकच आहे, म्हणून दुधावरून कुणी वाघ हाकलत नाही. परवा पहिल्या सरीनंतर अंगणातल्या बल्बखाली दोघंही सापडले. शेणकिडा मुठीत धरला तर बोटं फाकवून निसटू बघतो. डोकं फावड्यासारखं चपटं, पुढचे पाय दातेरी. हुमणीचा भुंगेरा विटकरी, तो सदऱ्यात नख्या रुतवून नुसता लोंबत राहिला. खरा फरक तोंडात. शेणकिड्याचे जबडे इतके मऊ, की पान कुरतडणं त्याला जमतच नाही. ओल्या शेणातला बारीक गाळ तेवढा तो गाळून खातो. भुंगेरा कडुनिंब-बाभळीचा पाला फस्त करतो आणि त्याची अळी, म्हणजे आपली उन्नी, पिकाची मुळं. शेणकिड्याची अळी आईने पुरलेल्या शेणातच वाढते, तिथेच कोष करते. बाहेर काढली तर तिला धड चालता येत नाही, मुळांपर्यंत जाणार कशी? (गोळे ढकलत नेणारेही थोडेच, बहुतेक शेणाखालीच बीळ करतात.)

शेणखताचं म्हणणं अर्धं खरं. कच्च्या खतातून उन्नी शेतात जाते, म्हणून खत नीट कुजवायचं. पण उकिरड्यातली प्रत्येक पांढरी अळी उन्नी नसते. फरशीवर ठेवून बघा: उताणी होऊन पाठीवर सरपटली, तर ती फुलांवर येणाऱ्या भुंग्याची, कुजकं खाणारी.

‘चेचा’ वाचून मात्र डोकं फिरलं. ऑस्ट्रेलियातले किडे कांगारूच्या लेंड्यांना सरावलेले; गाईचं शेण तसंच पडून राहायचं, त्यात माश्या माजायच्या. 1960च्या दशकात कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्नेमिसा यांच्या पुढाकाराने ते शेण पुरायला तिथे परदेशातून शेणकिडे नेऊन सोडले. आपल्याकडे फुकटात राबतात, तर चेचायचे?

भुंगेरेच मारायचे तर सांजवेळी कडुनिंबाच्या फांद्या हलवून पाडा आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका, मादीने अंडी घालायच्या आत. मामेभावाच्या बांधावर तीन कडुनिंब आहेत. आज सातला बादली घेऊन तिथेच जातोय.