कोल्ह्यावर दहा दिवस लक्ष कोण ठेवणार?

आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका शहाण्या माणसानं सल्ला टाकला, "चावलेलं जनावर दहा दिवस जिवंत राहिलं तर भ्यायचं कारण नाही, आधी वाट बघा, मग इंजेक्शनचं बघू." प्रश्न रेबीजचा, आणि इथं जनावर म्हणजे कोल्हा. रात्री ज्वारीतनं आला, माझ्या मामांच्या पोटरीला चावला आणि शेजारच्या उसात शिरला. त्याला दहा दिवस कुठं हुडकायचा, कुणी हुडकायचा, आणि सापडलाच तरी हाच तो हे ओळखायचं कसं, गळ्यात पट्टा आहे का त्याच्या? पण नाही, मेसेजला लगेच अंगठे, हात जोडलेले, "योग्य माहिती दादा". म्हणून इथं लिहितीये. लांब होणार आहे, आधीच सांगते.

ते दहा दिवसांचं प्रकरण फक्त कुत्रा आणि मांजर यांच्यापुरतं आहे. कुत्र्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू यायला लागला की ते थोड्याच दिवसांत आजारी पडून मरतं, म्हणून दहा दिवस ठणठणीत राहिलं तर चावलं तेव्हा लाळेत विषाणू नव्हता असं म्हणता येतं. आणि तिथंसुद्धा आधी वाट बघा असं कुणीच सांगत नाही, इंजेक्शनं लगेच सुरू करायची, दहा दिवसांनी कुत्रं धडधाकट दिसलं तर पुढची थांबवता येतात, असं ते आहे. आपल्या लोकांनी त्यातली वाट बघायची तेवढी उचलली. कोल्हा, लांडगा, खोकड, मुंगूस, रानमांजर यांना हा नियम लागूच नाही. आपल्या देशातल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत रानटी जनावराचा चावा सरळ तिसऱ्या म्हणजे सगळ्यात गंभीर गटात धरायला सांगितलाय, मग जखम केवढी का असेना. तिसरा गट म्हणजे जखम धुणं, लस आणि सिरम (थेट जखमेत सोडायचं औषध, पुढं नीट सांगते). तिन्ही. माझं सगळं भांडण त्या तिसऱ्या गोष्टीसाठी आहे.

आता मामांचं सांगते. मोहोळ तालुक्यात शेती, शेताची लाईट आठवडाभर दिवसा तर आठवडाभर रात्री. रात्रीच्या लाईटवर ज्वारीला पाणी द्यायला माणूस एकटा हातात बॅटरी घेऊन जातो, तिकडं साप, विंचू, रानडुक्कर, कोल्हा, जे भेटंल ते. करमाळ्याकडं २०२० च्या डिसेंबरात बिबट्यानं माणसं मारली तेव्हा दिवसाच्या लाईटीवर सगळे बोलायला लागले होते, बिबट्याला गोळी घातली आणि बोलणं पण थांबलं. असो, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर मी सुरू झाले तर थांबणार नाही.

तर कोल्हा चावला. मामा म्हणतात, पळाला नाही, बॅटरी मारली तरी सरळ अंगावर आला. ही खूण ध्यानात ठेवा. चांगला कोल्हा माणूस बघून बाजूला होतो, अंगावर येत नाही. पण उलटं धरू नका, गप्प पडून राहिलेलं, पाय ओढत चालणारं, हात लावला तरी न पळणारं जनावर पण रेबीजचं असू शकतं, पिसाळलेलं म्हणजे फेस गाळत धावणारंच असं काही नाही. पोरं आजारी मुंगसाचं पिल्लू उचलून घरी आणतात ना, तिथं डोळे उघडे ठेवा.

एक बरं झालं, मोटर चालू होती. मामेभावानं त्यांना तिथंच पाईपच्या धारेखाली बसवलं आणि घरनं कपड्याचा साबण आणायला सांगितला. मामी हळद आणि मिरचीची पूड घेऊन आल्या होत्या, ती त्यानं बाजूला ठेवायला लावली. साबण लावायचा, धार सोडायची, परत साबण, असं पंधरा मिनिटं. मामा वैतागले, "पाय हाय का धुणं हाय रे?" पण हे धुणंच जीव वाचवायला लागतं. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, साबणानं ते फुटतं आणि तो मरतो. अंगाचा, कपड्याचा, भांड्याचा, कुठलाही साबण चालतो. मिरची, चुना, तंबाखू, बिब्बा, डिझेल यातलं काही लावायचं नाही, त्यानं जखम चिघळते आणि विषाणू आणखी आत जायला वाट मिळते. जखम बांधायची पण नाही.

सकाळी जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, रेबीजच्या लसीचा पहिला डोस दिला, कार्ड करून दिलं, सगळं फुकट, त्याबद्दल तक्रार नाही. पण जखम बघून म्हणाले, किरकोळ आहे. आणि जाता जाता म्हणाले, "सिरम इथं नसतं, लागलं तर सोलापूरला जा." लागलं तर! आता शेतकरी माणसाला "लागलं तर" म्हटल्यावर त्याला काय समजणार, की लागणार नाही. मामा घरी येऊन जेवून झोपले. मी फोन केला आणि एकच विचारलं, "मामा, दात लागलेत तिथं इंजेक्शन दिलं का?" तर म्हणे, "न्हाई, दंडाला दिलं की दोन्हीकडं." म्हटलं, आत्ताच्या आत्ता गाडी काढा आणि सोलापूरला या.

आता हे सिरम काय असतं ते नीट ऐका, कारण चांगले शिकलेले लोक पण लस आणि सिरम एकच समजतात. लस घेतली की आपलं शरीर विषाणूशी लढणाऱ्या अँटिबॉडीज तयार करतं, पण त्याला आठवडा दोन आठवडे जातात. तोवर विषाणू जखमेत बसून असतो, नाहीतर नसेत शिरून मेंदूकडं चालायला लागतो. सिरममध्ये अँटिबॉडीज आयत्या असतात आणि त्या थेट जखमेत सोडतात. म्हणजे घरचा स्वयंपाक होईपर्यंत शेजारनं आलेला डबा. नुसत्या लसीवर पण पुष्कळ लोक वाचतात हे खरं, पण खोल चावा, तोंडावर, मानेवर, हाताच्या बोटांवर चावा, तिथं आठवडाभर थांबायची चैन परवडत नाही. लांडगा बऱ्याचदा तोंडालाच धरतो, आणि लहान पोराचं तोंड तर त्याच्याच उंचीवर असतं.

सोलापुरात आल्यावर आधी मामांना वजनकाट्यावर उभं केलं. मामा म्हणतात, "चावलंय पायाला, वजन कशाला, इकायचंय का मला?" पण डोस वजनावरच असतो. घोड्याच्या रक्तापासनं केलेलं सिरम असंल तर किलोला ४० युनिट, साठ किलोच्या माणसाला २४०० युनिट, म्हणजे साधारण ८ मिली. माणसाच्या रक्तापासनं केलेलं असंल तर किलोला २० युनिट, ते लै महाग असतं. आणि आता मोनोक्लोनल अँटिबॉडीचं, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेल्या अँटिबॉडीचं, पण निघालंय, पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटचं २०१७ पासनं बाजारात आहे. घोड्याचं म्हटल्यावर मामांनी माझ्याकडं असं बघितलं की काय सांगू. मग त्या डॉक्टर पोरीनं प्रत्येक दाताच्या खुणेभोवती आणि खुणेच्या आत बारीक सुईनं थोडं थोडं औषध सोडलं. दुखतं. खोटं कशाला बोलू, मामांसारखा माणूस खुर्चीचा दांडा धरून बसला होता आणि पोटरी टम्म झाली होती. टाके घातले नाहीत, अशा जखमेला शक्यतो घालतच नाहीत, घालायचेच झाले तर सिरम दिल्यावर आणि सैल. मग रिअ‍ॅक्शन येते का बघायला थोडा वेळ बसवून ठेवलं आणि सोडलं.

पहिल्या दिवशी सिरम राहिलं असंल तर लसीच्या पहिल्या डोसपासनं सातव्या दिवसापर्यंत देता येतं. त्यानंतर उपयोग नाही, तोवर शरीराच्या स्वतःच्या अँटिबॉडीज यायला लागलेल्या असतात. म्हणजे कुणाला चार दिवसांपूर्वी चावलंय, नुसती लस झालीये आणि हे वाचताय, तर अजून वेळ गेलेली नाही, उठा. आणि ज्यांनी आधी कधी लसीचा पूर्ण कोर्स केलाय त्यांना सिरम लागत नाही, लसीचे दोनच डोस, एक लगेच आणि दुसरा त्यानंतर तीन दिवसांनी. जुनं कार्ड जपून ठेवा म्हणतात ते यासाठी.

सरकारी दवाखान्यात लस कातडीत देतात, दोन्ही दंडांना एकेक टोचा, दिवस ० (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), ३, ७ आणि २८. खाजगीत बहुतेक स्नायूत देतात, तिथं १४ वा दिवस पण असतो, एकूण पाच. दंडावरच देतात, बारक्या पोरांना मांडीत, कुल्ल्यावर कधीच नाही. गरोदर बाईला चालते, बाळाला चालते, अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. मटण, वांगं, अंडं काही बंद करायचं नसतं. आमच्याकडं तर ओढा ओलांडायचा नाही असं पण सांगणारे आहेत.

आणि पोटातली चौदा इंजेक्शनं? अहो, ती लस मेंढीच्या मेंदूपासनं बनवायचे, कसौलीला डेव्हिड सेंपल नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं १९११ च्या सुमारास काढलेली, आणि आपल्याकडं २००४ साली ती बंद झाली. वीस वर्षं उलटून गेली, पण गावाकडं अजून त्या चौदाच्या धाकानं लोक गुळातनं औषध देणाऱ्याकडं जातात. त्याचं औषध लागू पडतं असं का वाटतं सांगू? चावलेल्या दर जनावराला रेबीज नसतो. शंभरातल्या पुष्कळांना काहीच होणार नसतं, ते सगळे त्याच्या नावावर जमा होतात. ज्याला होतो तो महिना, तीन महिने, कधी वर्षानं मरतो, तोवर चावल्याचं कुणाच्या ध्यानातसुद्धा नसतं. पाण्याला भ्यायला लागला, वारं सोसंना झालं की मग कुठलाच डॉक्टर काही करू शकत नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीचा अंदाज आहे की देशात वर्षाला साधारण ५,७०० माणसं अशी जातात, जागतिक आरोग्य संघटनेचा आधीचा आकडा तर याच्या तिपटीहून जास्त होता. कुठलाही आकडा घ्या, इंजेक्शन असताना जातात ही सगळी.

उलट्या बाजूची पण गंमत बघा. आमच्या पाहुण्यांच्या गावात एक म्हैस गेली, रेबीजचा संशय होता, रात्री वस्तीवर कोल्हा येऊन चावला होता म्हणे. तिचं दूध डेअरीला जायचं, घरोघरी जायचं. झालं, अख्खं गाव दवाखान्यात रांगेत, चहा प्यालेले, दही खाल्लेले, सगळे. उकळलेल्या दुधातनं रेबीज होत नाही, चहातनं तर नाहीच नाही. आणि जो माणूस खरा धोक्यात होता तो रांगेत नव्हताच. त्या म्हशीला गिळता येत नव्हतं, लाळ गळत होती, म्हणून घशात काहीतरी अडकलंय समजून मालकानं कोपरापर्यंत हात तोंडात घातला होता, बोटं दाताला खरचटलेली. तो घरी बसून म्हशीच्या किमतीचा हिशोब करत होता, त्याला डेअरीवाल्यानं धरून नेला. गाय, म्हैस, शेळी असं लाळ गाळत हंबरत असंल तर तोंडात हात घालू नका, जनावरांच्या डॉक्टरला बोलवा.

उंदीर, घूस, खार, ससा चावला म्हणून मात्र लगेच रेबीजची रांग धरायची सहसा गरज पडत नाही, तरी डॉक्टरला दाखवा आणि धनुर्वाताचं घ्या. माकड चावलं, बोचकारलं तर जायचंच. मुंगूस खुराड्यात कोंबडीमागं शिरतं, बाई काठी घेऊन जाते आणि हाताला ओरखडा काढून पळतं, हे आमच्याकडं सर्रास. "रक्त न्हाई आलं की" म्हणून सोडून देतात. रानटी जनावराच्या ओरखड्याला रक्ताची वाट बघायची नसते.

ऊसतोडीवाल्यांचं सगळ्यात अवघड. फडात कोल्हे असतातच, कोयता चालता चालता समोर येतात. चावला तर पहिला डोस इथं होतो, अठ्ठावीस दिवसांनी टोळी कुठल्या कुठं गेलेली असते. कार्ड दाखवून पुढचा डोस दुसऱ्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात घेता येतो, हे मुकादमानं सांगितलं पाहिजे. तो सांगत नाही, कारण एक कोयता बसून राहिला की त्याचं नुकसान.

आता काही लोक लिहितील की मारून टाका मग कोल्हे लांडगे. थांबा. आपल्याकडं हा रोग मुख्यतः कुत्र्यांत फिरतो आणि तिथनं कोल्ह्या-लांडग्यात जातो. सोलापूरजवळच्या नान्नजपासनं पुढं माळरानावर चक्कर मारा, पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या पोत्यांनी टाकून जातात, तिथं गावची कुत्री आणि कोल्हे एकाच ढिगावर दिसतात. गावच्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना दरवर्षी लस दिली तर कुत्र्यांतली साखळी तुटते, हे जगात करून दाखवलंय. कोल्हा मारणं गुन्हा आहे आणि त्यानं काही थांबत पण नाही. चावलं तर १९२६ वर वनविभागाला कळवा, रानटी जनावरानं जखमी केल्यावर उपचाराला शासनाची मदत मिळते, त्या यादीत कोल्हा आणि लांडगा दोन्ही आहेत. पंचनामा लागतो, म्हणून लवकर कळवा, पण आधी दवाखाना.

मला एवढंच पाहिजे की प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या दारावर रोज खडूनं लिहावं, सिरम आहे का नाही, नसंल तर जवळ कुठं आहे आणि तिथला फोन नंबर. बाजार समितीत कांद्याचा भाव रोज लिहितात, हे लिहायला काय जातंय? आणि "लागलं तर जा" च्या जागी कार्डावर लाल पेनानं "सिरम बाकी" असं लिहून, शिक्का मारून पाठवा. मामांचा अठ्ठावीसाव्या दिवसाचा डोस अजून व्हायचाय, तेव्हा मी त्याच दवाखान्यात हाच अर्ज देणार आहे. कुणाला आपापल्या तालुक्यात द्यायचा असंल तर इनबॉक्सला या, मसुदा पाठवते, फक्त गावाचं नाव बदलायचंय.