घोडा का अडला?

लहानपणी एक कोडं असायचं. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? उत्तर तिघांचं एकच: न फिरवल्यामुळे. माझ्या डाव्या पायाचं नेमकं तेच झालं होतं. कळायला मात्र सिंहगडाचा घाट चढावा लागला.

2020 साली स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस 245 ही मोटार भारतात आली, मोजून 200. त्यातली एक माझ्याकडे होती. 245 अश्वशक्ती, सात गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स (म्हणजे क्लच नाही, डाव्या पायाला सुट्टी), शून्यावरून शंभरला 6.6 सेकंद. पुण्यात हे शंभर कुठे मिळाले, ते विचारू नका. रोजची वाट कर्वे रस्त्याची. तिथे मी 245 घोडे एका रिक्षामागे उभे करून ठेवायचो.

मग आईचं वय झालं आणि आम्ही तिच्याकडे सदाशिव पेठेत राहायला आलो. तिथलं पार्किंग आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा लुना असावी. गाडी आत घातली की तिचं शेपूट जिन्याच्या पहिल्या पायरीला टेकायचं. आठवड्याभरात पाटी लागली: 'मोटार वरच्या मजल्यावर न्यायची असल्यास आधी कळवावे.'

गाडी विकली. तिच्या जागी जुनी अल्टो के10 घेतली. साडेतीन मीटर लांब, 67 अश्वशक्ती, पाच गिअर आणि खाली तीन पेडल. 178 घोडे एका दुपारी गेले, त्याचं दुःख नाही. उरलेल्या 67 पाशी माझं घोडं अडलं.

पहिल्याच दिवशी नळ स्टॉपला ब्रेक दाबला आणि सवयीने निवांत बसून राहिलो. गाडीने एक उचकी दिली आणि मान टाकली. दुसऱ्या दिवशी क्लच आठवला, पण इतका आठवला की सोडवेना.

"अहो, शिकलात कशावर मग?" बायको म्हणाली.

शिकलो पद्मिनीवर. स्टिअरिंगला चिकटलेला गिअरदांडा ओढत मी अख्खी पर्वती पालथी घातली होती. पण हे पायाला सांगणार कोण?

तशात एका रविवारी सिंहगडावरच्या पिठलं-भाकरीची हुक्की आली. वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडली आणि निघालो. घाटात तिसऱ्या-चौथ्या वळणावर रांग ठप्प. पुढे खचाखच भरलेली जीप, मागे नवीकोरी एसयूव्ही. तिच्या बोनेटवरचा झेंडूचा हारही अजून सुकला नव्हता. रांग हलली. पेडल तीन, पाय दोन. ब्रेक सोडून ॲक्सिलरेटरकडे जाईपर्यंत गाडी हातभर मागे घरंगळली आणि बंद पडली. ऑक्टाव्हिया चढावर आपली आपणच क्षणभर धरून ठेवायची. इतकी वर्षं मी ते माझं कसब समजत होतो!

दुसऱ्यांदा गचका, बंद. तिसऱ्यांदा गचकासुद्धा नाही. हाराचं प्रतिबिंब आता आरशात मावेना. मागून हॉर्नची आरती सुरू झाली. बायको पुटपुटत होती, ते स्तोत्र होतं की माझं नाव, कळलं नाही.

तेवढ्यात कडेला पेरू विकणारं एक बारा-तेरा वर्षांचं पोरगं उठलं. त्याने एक दगड आणून मागच्या चाकाला लावला आणि खिडकीपाशी आलं.

"काका, हँडब्रेक ओढा. आता क्लच सोडा. हळू... अजून हळू. आवाज बदलंल बघा."

बदलला. इंजिनाचा सूर किंचित खाली बसला, बोनेटने नाक उचललं आणि डाव्या पायाच्या तळव्याला बारीक मुंग्या आल्यासारखं झालं. अरेच्चा, हे तर ओळखीचं!

"सोडा आता हँडब्रेक!"

वर पोचेपर्यंत मी दुसऱ्याच्या वर गिअर टाकला नाही. वर पिठलं संपलं होतं. कोरड्या भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा खाल्ला, मडक्यातलं दही खाल्लं आणि उतरायला लागलो.

त्याच वळणावर थांबून किलोभर पेरू घेतले. पोराने पिशवी भरली, पैसे मोजून घेतले, मग वाकून तो दगड उचलला आणि बायकोच्या हातात दिला.

"काकू, डिकीत राहू द्या."

तिने ठेवला.