वीगन लिहिलं म्हणजे शुगर वाढत नाही असं कोणी सांगितलं यांना??

आज डोकं इतकं फिरलंय की लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. आमच्या आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७१, बारा वर्षांपासून डायबेटिस, आणि गेले तीन आठवडे त्यांची शुगर नुसती वर वर चाललीये. आम्ही इथे इंदूरला रामबागेत घरात बसून कारणं शोधतोय, गोळी चुकली का, सकाळचं चालणं कमी झालं का, आणि मी तर सरळ त्यांच्यावरच संशय घेतला. "आई, खरं सांगा, सराफ्यातून कोणी जिलबी आणून दिली का तुम्हाला?" असं विचारलं मी त्यांना, सराफा म्हणजे आमचा रात्रीचा खाऊबाजार. डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. बारा वर्षं इंदूरसारख्या गावात राहून ज्या बाईने तोंडावर ताबा ठेवला तिला मी असं विचारलं, आणि चोर निघालं कोण तर फ्रिजमधलं ते वीगन सामान, म्हणजे दूधतुपासकट प्राण्यांपासूनचं काहीच नसलेलं!

नणंदेची मुलगी बंगलोरहून आली होती, पोरगी गुणी आहे, आजीवर जीव आहे तिचा. "आजी, डेअरी बंद कर, प्लांट बेस्ड घे, शुगरला चांगलं असतं" म्हणाली आणि ओट मिल्क म्हणजे ओट्सचं दूध, वीगन कुकीज, वीगन चीज असं सगळं भरून गेली. नंतर मीच जाऊन आणत होते हे सामान, दुकानदार पण म्हणाला "आंटीजी, ये तो शुगरवालों के लिए ही है". कुठे लिहिलंय रे बाबा तसं? कोणी सांगितलं तुला?

मग मी परवा काय केलं, शुगर मोजायचं मशीन घेऊन बसले. सकाळी फक्त एक ग्लास ओट मिल्क, दुसरं काही नाही, तासाभराने १९८. आज तेवढंच आपलं नेहमीचं दूध, तासाभराने १५१. दोन्ही दिवशी उपाशीपोटी ११८-१२० च होती. एकेकच रीडिंग आहे मान्य, पण मला पुरेसं आहे. आणि कुकीज बरोबर खाल्ल्या त्या दिवशी २५१ होती, तेव्हा आम्ही मशीनला दोष देत होतो.

ओट मिल्कच्या पाकिटावर पुढे मोठ्ठं लिहिलंय "साखर घातलेली नाही". अहो पण घालायची गरजच काय, ओट्स दळून पाण्यात मिसळतात, त्यात एन्झाइम टाकतात आणि तो एन्झाइम ओट्समधला स्टार्च तोडून माल्टोज करतो, म्हणून तर ते गोड लागतं! माल्टोज म्हणजे ग्लुकोजला ग्लुकोज जोडलेलं. आपल्या डब्यातल्या साखरेत निदान अर्धं फ्रुक्टोज असतं, दुधाच्या लॅक्टोजमधे अर्धं गॅलॅक्टोज, इथे सगळंच्या सगळं ग्लुकोज, ते रक्तात चढायला कितीसा वेळ लागणार. त्यात प्रोटीन १०० मिलीला जेमतेम १ ग्रॅम, म्हशीच्या दुधात साडेतीनच्या आसपास, फॅटही जास्त, त्यामुळे दूध जरा सावकाश चढतं. हे पाकिटाच्या पुढच्या बाजूला का नाही लिहीत??

आणि चीजचं तर विचारूच नका. मागची बारीक अक्षरं चष्मा लावून, मोबाइलचा टॉर्च मारून वाचली. पाणी, खोबरेल तेल, टॅपिओका स्टार्च. टॅपिओका म्हणजे काय माहितीये का, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच कंद! ज्या बाईने डॉक्टरांनी सांगितलं म्हणून एकादशीची साबुदाण्याची खिचडी सोडली, आवडती खिचडी हो, वर्षभर वाट बघायच्या आषाढीची, त्यांना मी माझ्या हाताने रोज दोन स्लाइस तोच स्टार्च खाऊ घालत होते चीज म्हणून. पनीरमधे १०० ग्रॅमला १८ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, कार्ब अगदी थोडे. ह्या स्लाइसमधे प्रोटीन जवळजवळ शून्य.

कुकीजवर "रिफाइंड शुगर फ्री", आत नारळाची साखर आणि खजुराचं सिरप. नारळाची साखर पण बरीचशी सुक्रोजच, म्हणजे आपल्या डब्यातलीच साखर असते, रंग तपकिरी म्हणून शरीर काय सोडून देतं का? वर माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्च तोडून केलेली पावडर. ते साखरेच्या रकान्यात मोजतच नाहीत, कार्बोहायड्रेटमधे लपून बसतं आणि शुगर मात्र ग्लुकोजसारखीच चढवतं. म्हणून आता सांगते, साखरेचा आकडा बघू नका, एकूण कार्बोहायड्रेट बघा, आणि घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पहिली तीन नावं वाचली तरी कळतं काय विकतायत ते.

जनावरांसाठी जे वीगन होतात त्यांच्याबद्दल मला आदर आहे, राग त्यांच्यावर नाहीच. एफएसएसएआय म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तूंवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, तिचे वीगन फूडचे नियम २०२२ चे, पाकिटावरचा तो हिरवा व्ही त्यातलाच, आणि त्याचा अर्थ एवढाच की प्राण्यांपासूनचं काही घातलेलं नाही. शुगरबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. पण शेजारी पान काढायचं, हृदय काढायचं, "गिल्ट फ्री" लिहायचं, म्हणजे ग्राहकाने स्वतःच समजून घ्यावं की हे औषधासारखं आहे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मधे आलेल्या अभ्यासात देशात १० कोटींच्या वर डायबेटिसवाले निघाले, तेवढ्या घरांमधे कोणीतरी असंच प्रेमाने हे सामान आणत असेल, आणि दुप्पट तिप्पट पैसे देऊन!

मटकीची उसळ वीगनच आहे ना, हरभरे, शेंगदाण्याची चटणी, पिठलं, सगळं वीगन, आणि त्याने आईंची शुगर कधी एवढी उडाली नाही. त्याला पाकीट नाही म्हणून कोणी हेल्दी म्हणत नाही.

संध्याकाळी आईंची माफी मागितली मी. त्या म्हणाल्या, "अगं तुला काय माहीत". हेच तर, मला माहीत व्हावं म्हणून पाकिटावर लिहायला नको का? न उघडलेली तीन पाकिटं पिशवीत भरून ठेवलीयेत, उद्या दुकान उघडलं की काउंटरवर ठेवणार आणि मागची बाजू त्या दुकानदाराकडूनच मोठ्याने वाचून घेणार, गिऱ्हाइकांसमोर.