नुसत्या पेन्सिलीवर भागत नाही

‘डोळ्यांचा समन्वय सुधारायला घरी रोज पेन्सिल नाकाजवळ आणली की पुरे’ हे लेखातलं वाक्य खटकलं. आमच्या मुलीने सहा महिने तेच केलं. चष्मा नाही, तक्त्यावर नजर ६/६, तरी वाचायला बसली की दहा मिनिटांत ओळी दुहेरी दिसायच्या, कपाळ दुखायचं. आम्ही अभ्यासाचा कंटाळा समजून तिला रागावत राहिलो, याचं आजही वाईट वाटतं. शेवटी नागपुरात धरमपेठेतल्या एका ऑप्टोमेट्रिस्टने (दृष्टी तपासणाऱ्या तज्ज्ञाने) जवळचं पाहताना दोन्ही डोळे किती आत वळतात ते मोजलं, तेव्हा कन्व्हर्जन्स इनसफिशियन्सी, म्हणजे जवळचं पाहताना डोळे पुरेसे आत न वळणं, असल्याचं कळलं.

मग प्रतापनगरहून दर आठवड्याला डोळ्यांच्या व्यायामाच्या थेरपीसाठी तिथे जाणं आणि घरी रोज पंधरा मिनिटं रंगीत मण्यांची दोरी, तिच्या एकेका मण्यावर दोन्ही डोळे रोखायचे. तीन महिन्यांत दुहेरी दिसणं थांबलं. या त्रासावरच्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीतही १२ आठवड्यांनी दवाखान्यातल्या थेरपीने सुमारे ७३ टक्के मुलांना फरक पडला, घरच्या पेन्सिलीने ४३ टक्क्यांना. चष्म्याचा नंबर मात्र याने जात नाही, वाचलेलं आपोआप समजायलाही लागत नाही. तिचे धडे मी अजून शेजारी बसूनच वाचून घेते.