एक मिलिग्रॅमचे पेव

आमचे घराणे साठवणुकीचे. आजोबांनी हरिपूरच्या मातीत खणलेल्या पेवांत हळद ओतली, अप्पांनी ती आडतीवर विकली, आणि जमिनीच्या पोटातल्या त्या हळदीला कधी कीड लागली नाही, ही गोष्ट आमच्याकडे पाहुण्यांना चहाच्या आधी मिळते. अशा घरातल्या मुलीला एक मिलिग्रॅम पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, महिनाभर धड ठेवता येऊ नये, हे अप्पांच्या जिव्हारी लागले.

प्रयोगशाळेत कुपी आली तेव्हा ती रिकामीच आहे असे वाटून मी तक्रारीचे पत्र लिहायला घेतले होते. नंतर दिव्यासमोर धरल्यावर काचेला चिकटलेला धुरकट पापुद्रा दिसला. तो तळाशी जमावा म्हणून कुपी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरागरा फिरवणाऱ्या यंत्रात, क्षणभर फिरवतात. त्याहीआधी, उणे 20 अंशांवरून काढलेली कुपी ओल शोषणाऱ्या पदार्थाच्या बंद भांड्यात ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी लागते, कारण गार भुकटी हवेतली ओल ओढून घेते. आणि आयर्विन पुलाखाली कृष्णा फुगलेली असताना सांगलीच्या हवेत ओल उसनी आणावी लागत नाही. हे मात्र अप्पांना पटले. पेवाचे तोंड उघडल्यावरही कोणी लगेच आत उतरत नाही. कोंडलेली हवा जीव घेते.

पटले नाही ते वजन. शुद्धता, म्हणजे त्यातल्या पेप्टाइडांपैकी हवे ते, 95 टक्के, पण कुपीतल्या वजनात खरे पेप्टाइड 75 टक्केच. उरलेले बहुतेक पाणी आणि क्षार.

"म्हणजे ओल्या हळदीचं वजन लावलंय की गं! तूट कापून घेतलीस का?"

घेतली. रेणुभार 1500 असल्यामुळे 1 मिलिमोलर तीव्रतेचे द्रावण 667 नव्हे, 500 मायक्रोलिटरच होणार होते. पेप्टाइड पाण्याशी फटकून वागणारे निघाले, तेव्हा त्यात सिस्टीन किंवा मिथिओनीन ही अमिनो आम्ले नाहीत ना, हे पाहून (डीएमएसओ हे द्रावक त्यांचे ऑक्सिडीकरण करू शकते) आधी थेंबभर डीएमएसओत विरघळवले आणि मग, रुसलेल्या जावयाची समजूत काढावी तसे, थेंबाथेंबाने पाणी घातले. वारंवार गोठणे-वितळणे सोसत नाही, म्हणून 20-20 मायक्रोलिटरच्या 25 नळ्या भरायच्या होत्या. भरल्या 24. पिपेटच्या टोकाने आपली हमाली आणि तोलाई कापून घेतली होती.

पुढच्या आठवड्यात शीतकपाट उघडले, तर 24 नळ्यांवर एक अक्षर नाही. ठेवण्यापूर्वी स्वच्छतेच्या उत्साहात मीच त्या अल्कोहोलने पुसल्या होत्या आणि शाई त्याबरोबर गेली होती. शेजारीच माझ्या सहकाऱ्याच्या, तितक्याच पारदर्शक आणि तितक्याच निनावी, 24 नळ्या होत्या.

अप्पांनी सगळे ऐकून घेतले आणि बशीतला चहा संपवून एवढेच विचारले, "पोत्यावर मार्का नव्हता?"

दुसऱ्या कुपीच्या वेळी मी थंडीत टिकणाऱ्या चिकटपट्टीवर नाव, तीव्रता आणि तारीख पेन्सिलीने लिहिली. खोक्याच्या झाकणावर मात्र आमच्या आडतीचा जुना मार्का काढला आहे. त्याचा अर्थ सहकाऱ्याने अजून विचारलेला नाही.