सह्यांचे गठ्ठे देऊन खासदारकी जात नाही

‘मतदारसंघातल्या निम्म्या मतदारांच्या सह्या निवडणूक आयोगाला दिल्या की खासदाराला घरी बसवता येतं. गुन्हा दाखल झाला, ३० दिवस तुरुंगात काढले, पक्षाने हाकललं किंवा अध्यक्षांनी निलंबित केलं तरी खासदारकी गेलीच म्हणून समजा.’ अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतो. त्यातलं एकही विधान बरोबर नाही. लोक मात्र तो खरा मानून भलत्याच दारात अर्ज घेऊन उभे राहतात आणि तोवर खऱ्या दाराची मुदत संपून जाते. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

सह्यांचं आधी. खासदाराला परत बोलावण्याची तरतूद राज्यघटनेत नाही आणि १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातही नाही. निम्म्या आणा की सगळ्यांच्या, आयोगाला त्या सह्यांवर काहीही करता येत नाही. १९७४ मध्ये सी. के. चंद्रप्पन यांनी यासाठी घटनादुरुस्तीचं विधेयक मांडलं, २०१६ मध्ये वरुण गांधी यांनी खासगी विधेयक आणलं. कायदा कशाचाच झाला नाही. महाराष्ट्रात थेट निवडून आलेल्या सरपंचावरचा अविश्वास ठराव तीन चतुर्थांश सदस्यांनी मंजूर केला की ग्रामसभेत त्यावर गुप्त मतदान होतं. पण तो नियम गावापुरता. संसदेला तो लागू नाही.

‘गुन्हा दाखल झाला की पद जातं.’ एफआयआर, अटक, आरोपपत्र यांपैकी कशानेही खासदारकी जात नाही. न्यायालयाने दोषी ठरवावं लागतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ नुसार साधारण कोणत्याही गुन्ह्यात २ वर्षं किंवा त्याहून अधिक कैद झाली की अपात्रता येते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखालच्या गुन्ह्यांसारख्या काही गुन्ह्यांत तर नुसता दंड झाला तरी पुरे. ‘दोनपेक्षा जास्त वर्षं’ असं अनेकजण लिहितात, ते चूक आहे; बरोबर दोन वर्षंही चालतात.

राहुल गांधींच्या प्रकरणात हे लख्ख दिसतं. सुरतच्या न्यायालयाने २३ मार्च २०२३ रोजी बदनामीबद्दल २ वर्षांची शिक्षा दिली आणि दुसऱ्याच दिवशी लोकसभा सचिवालयाची अधिसूचना निघाली. सत्र न्यायालयाने शिक्षा स्थगित करून जामीन दिला, तरी खासदारकी परत आली नाही, कारण दोषसिद्धी, म्हणजे दोषी ठरवणारा निकाल, कायम होती. ‘शिक्षेला स्थगिती’ आणि ‘दोषसिद्धीला स्थगिती’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बातम्यांमध्ये त्यांची सर्रास सरमिसळ होते. ४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी स्थगित केली आणि ७ ऑगस्टला सदस्यत्व परत मिळालं. शिक्षा एका दिवसाने कमी असती तर अपात्रता आलीच नसती, हेही न्यायालयाने नोंदवलं. पूर्वी अपिलासाठी तीन महिने मिळत आणि तोवर अपात्रता लागू होत नसे. ती सवलत लिली थॉमस खटल्यात १० जुलै २०१३ रोजी रद्द झाली.

३० दिवसांची गोष्ट ऑगस्ट २०२५ मध्ये मांडलेल्या १३० व्या घटनादुरुस्ती विधेयकातून आलेली दिसते. ते विधेयक पंतप्रधान, मुख्यमंत्री आणि मंत्री यांच्या पदाविषयी आहे. खासदारकीला ते हातच लावत नाही.

पक्षाने हाकललं म्हणून जागा जात नाही. हाकललेला सदस्य राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टापुरता, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यापुरता, मूळ पक्षाचाच मानला जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटलं आहे. सदस्याने स्वतः पक्ष सोडला, किंवा व्हिप (मतदानाबद्दलचा पक्षादेश) मोडला आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केलं नाही, तर अपात्रता येते. एक तृतीयांश सदस्य फुटले की वाचतात, हा नियम २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने काढला. आता विलीनीकरणासाठी दोन तृतीयांश लागतात. निर्णय अध्यक्ष किंवा सभापतींचा, आयोगाचा नव्हे. परिशिष्टात त्यासाठी मुदतच घातलेली नाही आणि या कायद्याची खरी दुखरी नस हीच आहे. विधानसभेलाही हेच परिशिष्ट लागू आहे: जून २०२२ मधल्या शिवसेनेतल्या फुटीवर महाराष्ट्राच्या विधानसभा अध्यक्षांचा निकाल १० जानेवारी २०२४ ला आला.

निलंबन आणि बडतर्फी यांतही गल्लत होते. लोकसभेच्या नियम ३७४-अ प्रमाणे निलंबन सलग ५ बैठका किंवा उरलेलं अधिवेशन, यांत जे कमी असेल तेवढंच. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ खासदार निलंबित झाले. त्यामुळे एकाचीही जागा रिकामी झाली नाही. महाराष्ट्र विधानसभेने १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं होतं. तो ठराव सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी घटनाबाह्य ठरवला. इतकं लांब निलंबन बडतर्फीपेक्षाही वाईट, कारण जागा रिकामी होत नाही, पोटनिवडणूक होत नाही आणि मतदारसंघ प्रतिनिधीविना राहतो.

बडतर्फी सभागृहाच्या ठरावाने होते, एकट्या अध्यक्षांच्या हुकुमाने नव्हे. प्रश्नांसाठी पैसे घेतल्याबद्दल २३ डिसेंबर २००५ रोजी ११ खासदार असे गेले. पण त्याने पुढची निवडणूक लढवायला बंदी येत नाही. ८ डिसेंबर २०२३ ला बडतर्फ झालेल्या महुआ मोईत्रा २०२४ मध्ये कृष्णनगरमधून पुन्हा निवडून आल्या.

मतदाराच्या हाती काहीच नाही, असं मात्र नाही. खासदाराकडे लाभाचं पद, म्हणजे सरकारच्या अखत्यारीतलं आर्थिक लाभ देणारं पद, असेल तर राष्ट्रपतींकडे तक्रार करता येते. राज्यघटनेच्या कलम १०३ प्रमाणे राष्ट्रपती आयोगाचं मत घेतात आणि त्यानुसारच निर्णय देतात. २००६ मध्ये जया बच्चन यांची राज्यसभेची जागा याच वाटेने गेली.

लोकसभेच्या निवडणुकीतच गैरप्रकार झाला असेल तर उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करायची. त्या मतदारसंघातला कोणताही मतदार ती करू शकतो, मत दिलेलं असो वा नसो. खासदार निवडून आल्याच्या तारखेपासून ४५ दिवस मिळतात आणि उशीर माफ होत नाही. २,००० रुपये अनामत भरावी लागते. जितके प्रतिवादी तितक्या प्रती, आणि प्रत्येक प्रतीवर ती खरी असल्याचं याचिकाकर्त्याच्या स्वतःच्या सहीने साक्षांकन. भ्रष्ट मार्गाचा आरोप असेल तर नमुना २५ मधलं शपथपत्र जोडायचं आणि असा आरोप ज्या उमेदवारावर आहे त्याला प्रतिवादी करायचंच. मुदत, अनामत किंवा प्रतिवादी चुकले तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८६ खाली याचिका सुनावणीआधीच फेटाळली जाते, मग आरोप कितीही खरा असो.